दुसऱ्या वाफ्याचं पाणी

सौसेपाम्पा, १४ एप्रिल १९९७

प्रिय सेवेरिनो,

माझं पत्र बघून दचकू नकोस, मावशी ठणठणीत आहे. गेल्या मंगळवारी बाजारात तिचे कांदे पहिल्या तासात संपले. इतर बायका दुपारपर्यंत आपापल्या ढिगांवरच्या माशा वारत बसल्या होत्या आणि तुझी आई पोतं झटकून घरी!

बातमी वेगळीच आहे. कालच्या सभेत गावाने सांडपाण्याची राखण माझ्याकडे दिली. एलेउतेरियो आजोबा लेकीकडे सांताक्रूसला गेले, आता परत येणार नाहीत. इलारिओनकाकांनी सभेत तीनदा विचारलं, "कोण घेतं?" साठ घरांची माणसं आपापल्या चपला बघत बसली. मी हात वर केला. मागून प्रिमितिवाचा आवाज आला, "निकानोराला विणायला लोकर उरली नाही वाटतं, आता हे चिवडणार!" मी म्हटलं, "चिवडते की. तुझ्या घरापासूनच सुरुवात करते." सगळे हसले आणि त्या हशातच माझी नेमणूक झाली.

खरं सांगू का, मला कोणी ढकललं नाही. इतकी वर्षं मी मेंढ्या घेऊन तिथून जाते. वरच्या तोंडाला काळं पाणी, नाक दाबून पळावं असं. खालच्या तोंडाला तेच पाणी बाहेर पडतं आणि त्यात चिमण्या आंघोळ करतात. मध्ये काय आहे? आधी टाकी, मग खडीचे तीन वाफे आणि त्यांत लव्हाळ्यासारखं तोतोऱ्याचं गवत. मग मध्ये होतं तरी काय? एलेउतेरियो आजोबांना विचारलं तर म्हणाले, "जाळी रोज साफ कर, गाळ महिन्याला काढ, बाकी देवावर सोड." त्यांनी मला एक दाताळं, एक बादली आणि हे एवढं वाक्य दिलं.

इंजिनियर त्याच्या देशी गेला तो नकाशे घेऊनच गेला. ते सगळं बांधलंस तू. तेव्हा आता तूच सांग. टाकीत बुडबुडे कसले येतात? तोतोरा कापायचा की वाढू द्यायचा? वाफे तीन का, एकच मोठा का नाही? घाईघाईत लिहू नकोस, नीट लिही.

तुझी मावसबहीण,
निकानोरा


ब्युनोस आयरेस, २२ मे १९९७

निकानोराताई,

तुझं पत्र वाचून मी एकटाच हसत सुटलो. शेजारच्या खोलीतला पाराग्वायी विचारायला आला, लॉटरी लागली का म्हणून. सहा वर्षांत माझ्या त्या बांधकामाबद्दल मला पहिल्यांदा कोणी काही विचारलं.

तर ऐक. टाकी म्हणजे दुमजली घर समज. वरच्या मजल्यावर पाणी संथपणे चालतं, त्यातला जड माल उतरत्या भिंतींवरून घसरून फटीतून खालच्या मजल्यावर पडतो. तिथे तो महिनोन्‌महिने कुजतो. बुडबुडे त्याचेच. ते वर येताना मधल्या पाण्याला ढवळणार नाहीत अशा बेताने भिंती तिरक्या घातल्यात. त्या तिरक्या भिंतींसाठी मी तीनदा फळ्या बांधल्या आणि तीनदा मोडल्या.

मग पहिला वाफा. लोकांना वाटतं खडी पाणी गाळते. गाळते थोडंफार, पण खरं काम करतात खडीवर बसलेले बारीक जीव, डोळ्यांना न दिसणारे. प्रत्येक खड्यावर बुळबुळीत थर असतो ना, तीच त्यांची वस्ती. घाण हे त्यांचं अन्न. आपण त्यांना फक्त घर बांधून दिलं. तोतोरा आपल्या पोकळ दांड्यातून थोडी हवा मुळांपर्यंत पोचवतो, तिचाही त्यांना उपयोग होतो. पहिला वाफा सगळ्यात जास्त खातो, दुसरा त्याने टाकलेलं, तिसरा उरलंसुरलं. एकच मोठा वाफा केला असता तर पाण्याने जवळची वाट शोधली असती आणि अर्धं न धुताच पळालं असतं. तोतोरा वर्षातून एकदा काप, थंडी संपल्यावर.

हातमोजे घातल्याशिवाय जाळीला हात लावू नकोस. आणि एक गोष्ट. दुसऱ्या वाफ्याच्या डाव्या कोपऱ्यात कुदळ लावू नकोस. तिथलं तळाचं अस्तर पातळ आहे, फाटायचं.

मी सध्या अठराव्या मजल्यावर नळ बसवतोय. आईला सांग, कांदे पुरेत, लसूणघास लावत जा म्हणावं. घरातल्या गिनीपिगांचं तरी पोट भरेल.

सेवेरिनो


सौसेपाम्पा, ६ जुलै १९९७

प्रिय सेवेरिनो,

तुझं पत्र मी टाकीच्या कठड्यावर बसून वाचलं, एकेक वाक्य वाचायचं आणि खाली वाकून बघायचं. आता मला ती वस्ती दिसते. एक खडा उचलून बोट फिरवलं आणि मनात म्हटलं, जेवा बाबांनो.

आणि गाव किती बोलतं रे त्या नळातून! रविवारी नऊ वाजता साबणाचा फेस येतो. कोणाच्या दारावर मक्याची दारू, चिचा, विकायला काढल्याचा पांढरा झेंडा लागणार ते मला आदल्या दिवशीच कळतं, पाण्याला आंबूस वास येतो आणि मक्याची टरफलं जाळीला चिकटतात. परवा जाळीवर चक्क दातांची अर्धी कवळी सापडली. घासली, उकळली, कागदात गुंडाळली आणि इलारिओनकाकांच्या अंगणात ठेवून आले. पुढच्या सभेत ते नेहमीसारखे खणखणीत बोलले. मीही अगदी लक्ष देऊन ऐकलं!

पण आता मला एका गोष्टीने पछाडलंय. शाळेतल्या रेमेदियोसबाईंचं घड्याळ मागून घेतलं, वीस लिटरची बादली घेतली आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दर तासाला मोजलं. वरच्या तोंडाला बादली किती वेळात भरते आणि खालच्या तोंडाला किती वेळात. सकाळच्या धावपळीत वर चाळीस सेकंदांत भरते, खाली दोन मिनिटं उलटली तरी काठ गाठत नाही. बाईंनी गुणाकार करून दिला. दिवसाला आत जातात साधारण हजार बादल्या, बाहेर पडतात चारशे. मी आठ दिवस मोजलं. तेच.

सहाशे बादल्या जातात कुठे, सेवेरिनो?

मी हे गमतीने विचारत नाहीये. खालच्या चाल्यामायू वाडीत गेल्या महिन्यात नऊ मुलांना जुलाब झाले, दोघांना गाडीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांचा झरा आपल्या वाफ्यांच्या खालच्या अंगाला आहे. परवा त्यांचा पुढारी बाल्तासार चार माणसं घेऊन आला. म्हणाला, "तुमची घाण आमच्या झऱ्यात मुरते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सभा घ्या. उत्तर नसेल तर आम्ही तुमचा नळ दगडांनी बुजवू. मग तुमचं तुमच्याच घरात राहू दे." आवाज चढवला नाही त्याने, म्हणून जास्त भीती वाटली.

तेव्हा सांग. अस्तर फाटलं असेल का? तू म्हणालास तो कोपरा खणून बघू का?

निकानोरा


ब्युनोस आयरेस, ३ ऑगस्ट १९९७

निकानोराताई,

खणू नकोस असं मी सांगितलं होतं ना?

अगं, पाणी तोतोरा पितो. ऊन पितं. उघड्या अंगणात घमेलं ठेव, चार दिवसांत अर्धं होतं की नाही? मग एवढ्या मोठ्या वाफ्यांचं काय होत असेल? इंजिनियरनेच सांगितलं होतं की थोडं कमी बाहेर पडेल म्हणून. शाळेतल्या बाईंना गुणाकार येतो, पण त्यांनी कधी तोतोरा लावलाय का?

चाल्यामायूच्या लोकांना पाणी उकळून प्यायला सांग. त्यांच्या मुलांना दर हिवाळ्यात काही ना काही होतंच. फुटबॉलमध्ये हरले तरी ते आपल्यावरच राग काढायचे, आठवतं ना?

कामाची गडबड आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. रबरी हातमोज्यांचे दोन जोड पाठवतोय. तू जाळी सांभाळ, बाकीच्याच्या मागे लागू नकोस.

सेवेरिनो


सौसेपाम्पा, ८ सप्टेंबर १९९७

सेवेरिनो,

हातमोजे मिळाले. हाताला बरोबर बसतात.

तू लिहिलंस की तोतोरा पाणी पितो. मी तुझ्यावर विश्वास ठेवला, आणि तरी तपासून बघितलं. घरच्या मोठ्या टबात खडी भरली, तोतोऱ्याची सहा रोपं लावली, पाणी ओतलं, कोळशाने रेघ मारली. दहा दिवसांत पाणी दोन बोटं उतरलं. बाईंनी वाफे पावलांनी मोजून हिशेब केला. सगळे वाफे मिळून ऊन आणि तोतोरा दिवसाला दीडशे बादल्या पितात. उरलेल्या साडेचारशेंचं काय?

मग मला माझ्याच घरातली वस्तू आठवली. लोकर रंगवायच्या निळ्या पुड्या. आठ पुड्या गरम पाण्यात कालवल्या आणि सकाळी दुसऱ्या वाफ्याच्या तोंडाशी ओतल्या. मग चाल्यामायूत बाल्तासारची बायको गुमेर्सिंदा आहे, तिच्याकडे गेले आणि सरळ सांगितलं, "तुमच्या झऱ्यात निळं आलं तर चूक आमची. चल, दोघी मिळून बघू." ती आधी माझ्याकडे संशयाने बघत होती. पहिल्या दिवशी आमच्यात चार शब्द झाले. दुसऱ्या दिवशी तिने उकडलेले बटाटे आणले. मग रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही झऱ्याकाठी बसायचो, ती सूत कातायची, मी विणायचे. नऊ दिवस झरा काचेसारखा स्वच्छ होता. आपल्या खालच्या तोंडाला पाचव्या दिवशी फिकट निळं आलं, झऱ्यात थेंबभरही नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पण तो आनंद खरं तर तिसऱ्याच दिवशी नासला होता. गुमेर्सिंदाला मी ते सांगितलं नाही, तुला सांगते.

तिसऱ्या दिवशी मी झऱ्यावरून परतत होते तेव्हा मावशीने शेताच्या बांधावरून हाक मारली. "निकानोरा, इकडे ये! माझ्या वाफ्यात आभाळ उतरलंय!" गेले. तिच्या कांद्याच्या सगळ्या सऱ्या निळ्या. पातीची पांढरी मुळंही निळी. ती हसत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, "माझ्या हातून रंग सांडला असेल." ती म्हणाली, "असेल बाई."

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी डावा कोपरा खणला. अस्तर अजिबात पातळ नाहीये. त्यातून एक काळा पाइप निघतो आणि जमिनीखालून चाळीस पावलं मावशीच्या शेतात जातो. सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, आधी उलटे तीन वेढे आणि मग सुलटे तीन. गावात अशी पट्टी एकच माणूस बांधायचा.

मला रागवायलाही वेळ नाही. झऱ्याकाठी एकदा गुमेर्सिंदाने बटाट्याबरोबर कच्चा कांदा चिरला होता. मी सहज विचारलं, "एवढे टपोरे कुठून आणतेस?" म्हणाली, "तुमच्या कासिल्दाबाईंकडून. आमची सगळी वाडी तिच्याकडूनच घेते. मुलं मिठाबरोबर नुसताच खातात."

म्हणजे आपल्या मावशीकडून! मी हातातली फोड खाली ठेवली. मी दवाखान्यातल्या नर्सला विचारलं. ती म्हणाली, "त्या पाण्याने भिजलेला कांदा कच्चा खाल्ला तर होऊ शकतं. त्यानेच झालं, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

पाइपाच्या तोंडाला मी तात्पुरती लाकडी गुडदी ठोकली आहे. गुमेर्सिंदाला एवढंच म्हटलं, सध्या मुलांना कांदा शिजवूनच दे. सभा ५ ऑक्टोबरला आहे. मावशीला ठाऊक आहे का, ते मला सांग. मी काय बोलू, तेही सांग. तुझं पत्र वेळेत पोचलं नाही तर मी मला सुचेल ते बोलेन.

निकानोरा


ब्युनोस आयरेस, २७ सप्टेंबर १९९७

ताई,

दोन दिवस कागद समोर ठेवून बसलो होतो.

तूच बरोबर आहेस. पाइप मी घातला. वडील गेले त्या वर्षी पाऊस नव्हता, तुला आठवत असेल. ऑगस्टमध्ये पाट साफ करायला प्रत्येक घरातून एक फावडं जायचं होतं. मी इंजिनियरकडे रोजंदारीवर होतो, दोन शनिवार चुकले. सभेने आईची पाण्याची पाळी कापली. मी इलारिओनकाकांच्या पाया पडलो. म्हणालो, दोन दिवसांऐवजी दहा दिवस राबतो. ते म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." आई ओढ्यावरून घागरी आणून बटाट्याच्या रोपांना घोट घोट पाणी घालायची. मी दिवसभर अख्ख्या गावाच्या पाण्याला वाट करून द्यायचो आणि संध्याकाळी घरी येऊन ते बघायचो.

चाल्यामायूबरोबर फुटबॉलचा सामना होता त्या रविवारी सगळं गाव मैदानावर होतं. बांधकामाचा चर शेताच्या जवळपर्यंत खणलाच होता, पाइप उरलेला होता. तीन तासांत काम झालं. आईला सांगितलं, खणताना पाझर लागलाय, त्यावर फक्त घास लाव. त्या पाण्याला आणखी एका वाफ्यातून जायचं होतं, हे माझ्याइतकं कोणाला कळत होतं? घासाला ते चाललं असतं. दोन महिन्यांनी मी गाव सोडलं.

तिने कांदे लावल्याचं पहिल्यांदा पत्रात वाचलं तेव्हाच मी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. दर वेळी वाटायचं, पुढच्या पत्रात लिहू. आणि तुला जे लिहिलं, घमेल्याचं आणि उन्हाचं, ते लिहिताना माझा हात थांबला होता. तरी लिहिलं.

तिला काही ठाऊक नाही. तिला सांगू नकोस. सभेत माझं नाव सांग, मोठ्याने सांग, तिचं घेऊ नकोस.

त्या नऊ मुलांची वयं काय होती? दवाखान्यात नेलेली दोघं घरी आली का? एवढं मात्र नक्की कळव.

सेवेरिनो


सौसेपाम्पा, १६ ऑक्टोबर १९९७

सेवेरिनो,

तुझं पत्र सभेनंतर चार दिवसांनी पोचलं. आधी हे वाच. दोघं घरी आलेत, चांगले खेळतायत. नऊ जणांतला सगळ्यात मोठा सात वर्षांचा, सगळ्यात लहान दोनचा. तो गुमेर्सिंदाचा नातू.

आता सभा. शाळेचं अंगण भरलं होतं. चाल्यामायूची माणसं एका बाजूला उभी होती, बसा म्हटलं तरी बसली नाहीत. मी उठून टब, बादली, निळा रंग सगळं सांगितलं. गुमेर्सिंदाने साक्ष दिली, "झरा स्वच्छ होता, मी नऊ दिवस डोळ्यांनी बघितलंय." आमची माणसं खूश होऊन टाळ्या वाजवायला लागली. मी म्हटलं, "थांबा. दुसऱ्या वाफ्यातून एक पाइप निघतो. त्याचं पाणी कांद्यांना जातं. तो कांदा चाल्यामायूची मुलं खातात." टाळ्या थांबल्या. बाल्तासारने विचारलं, "पाइप कोणी घातला?"

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते, मलाच माहीत नाही. तेवढ्यात मागून मावशी उठली.

"पाणी माझ्या शेतात येतं," ती म्हणाली. "कोणी घातला ते विचारू नका, मला कळतं. आणि पाणी कसलं ते मला पहिल्या हिवाळ्यापासून कळतं. पाझराला रविवारी साबणाचा वास येतो का? तुमचे पाट गोठतात तेव्हा माझ्या सरीतून वाफ निघते. मी म्हातारी आहे, खुळी नाही."

सेवेरिनो, तिला सगळं ठाऊक होतं. तू तिच्यापासून लपवत होतास आणि ती तुझ्यापासून.

इलारिओनकाका ओरडले, "मग कांदे कशाला लावलेस?"

"तुम्ही माझी पाळी कापलीत, तेव्हा मी काय लावायचं ते विचारायला आला नाहीत," ती म्हणाली. "आणि मी तोच कांदा रोज खाते. मला काही झालं नाही. म्हटलं, चालतंय."

तेव्हा गुमेर्सिंदा बोलली, अगदी हळू. "कासिल्दाबाई, तुमचं पोट सत्तर वर्षांचं आहे. माझ्या नातवाचं दोन वर्षांचं."

मावशीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग ती वळली आणि अंगणातून निघून गेली. प्रिमितिवा म्हणाली, "पळाली बघा!" मी मागे धावले. ती पळाली नव्हती. शेतात गुडघ्यांवर बसून कांदे उपटत होती. पोसलेले, कोवळे, सगळे. उपटायचे आणि खड्ड्यात टाकायचे. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "तू नको." थोड्या वेळाने सभेतली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. मग गुमेर्सिंदा स्कर्ट खोचून सरीत उतरली आणि दुसऱ्या टोकापासून उपटायला लागली. तिला मावशीने नको म्हटलं नाही.

सभा मग तिथेच, बांधावर झाली. रेमेदियोसबाई इलारिओनकाकांना म्हणाल्या, "नवरा गेलेल्या बाईच्या घरातून फावडं कुठून येणार, हे तेव्हा कोणी विचारलं का?" काका म्हणाले, "मी नाही विचारलं." मावशीची पाळी परत मिळाली आहे, दर बारा दिवसांनी एक सकाळ. पाट साफ करायला तिच्या घरातून फावडं आलं नाही तर माझं चालेल असं ठरलंय.

आणि बाल्तासार काय म्हणाला माहीत आहे? "तिसऱ्या वाफ्यातून बाहेर पडतं ते पाणी तुम्ही ओढ्यात सोडता. आमच्या घासाच्या शेतापर्यंत चारी खणू द्याल का? हसू नका. दगड घालायला आलो होतो, आता पाणी मागतोय." त्यावर सगळेच हसले, तोही हसला. नर्सचं म्हणणं आहे की घासाला आणि झाडांना चालेल, भाजीला नाही.

पाइपावर अजून माझी लाकडी गुडदीच आहे. तो कायमचा बंद करायला इलारिओनकाका सिमेंट घेऊन निघाले होते. मावशीने वाट अडवली. म्हणाली, "ज्याने उघडला त्याने बंद करायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

आता तुझं तू ठरव.

निकानोरा


ब्युनोस आयरेस, १८ जानेवारी १९९८

निकानोराताई,

गावाहून सुखरूप परत पोचलो. तीन दिवसांच्या प्रवासाने पाठ मोडलीय, पण त्याआधी चाल्यामायूच्या चारीने मोडलीच होती, त्यामुळे फरक कळला नाही. बाल्तासारने मला मुद्दाम दगडाळ तुकडा दिला, कबूल करणार नाही तो, पण दिला. सभेने दंड म्हणून लावलेले बारा दिवस मी पाटावर राबलो, तेरावा माझ्या मनाने राबलो. सभेत उभा राहिलो ते तू बघितलंसच. गुमेर्सिंदाबाईंनी नातवाला माझ्यासमोर आणून उभं केलं, तेही बघितलंस. त्याने माझा हातमोजा ओढून घेतला आणि परत दिला नाही.

पण पाइप काढला त्या दिवशी तू मुद्दाम शेताकडे आली नाहीस. म्हणून सांगतो.

मी आलो तेव्हा आईने मला जवळ घेतलं नाही, तुला माहीत आहे. जेवायला वाढायची, अंथरूण घालायची, बोलायची नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिने फावडं माझ्या हातात दिलं आणि पुढे चालायला लागली. मला वाटलं होतं तोंड बुजवलं की झालं. ती म्हणाली, "सगळा काढ." चाळीस पावलं. ती पोत्यावर बसून शेंगा सोलत होती आणि मी खणत होतो. पहिला सांधा उघडा पडला तेव्हा तिने विचारलं, "ही पट्टी आधी उलटी का गुंडाळतोस?" मी सांगितलं, पाण्याचा जोर आला की पट्टी आणखी घट्ट बसते. तिने जवळ येऊन बोटाने चाचपून बघितलं. मग दर सांध्याला काहीतरी विचारत राहिली. उतार कसा मोजलास? दगड लागला तिथे काय केलंस? तीन तासांत एकट्याने कसं जमलं? लहानपणापासून मी काय काम करतो हे तिने मला कधी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं त्या चोरीच्या पाइपावर वाकून बोलत होतो, ताई, आणि मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

दुपारपर्यंत सगळा पाइप बाहेर आला. कोपऱ्यातलं भोक बंद केलं, अस्तराला दुहेरी ठिगळ लावलं, माती दाबली. तिने वाकून जमिनीला हात लावला, कोरडी आहे का बघितली.

मग म्हणाली, "मला खरं सांगून विचारलं असतंस, तर मी नको म्हटलं असतं असं वाटलं तुला?"

मी म्हटलं, "हो."

ती म्हणाली, "मी हो म्हटलं असतं. पाणी कसलं ते माहीत असूनही हो म्हटलं असतं. ते मला झोपू देत नाही."

मी तिच्याशेजारी पोत्यावर बसलो. थोड्या वेळाने तिने सोलायच्या शेंगांमधली अर्धी ओंजळ माझ्याकडे सरकवली, आणि आम्ही सोलत बसलो.

सेवेरिनो